टोकन नंबर ४७: एका गाजलेल्या थाळीचं प्रकरण

मार्गशीर्ष संपल्यानंतरचा पहिला रविवार सोलापुरात मटणाचा. महिनाभर ज्यांनी पाळलं ते आणि ज्यांनी पाळल्यासारखं केलं ते, दोघेही सकाळपासून मटणाच्या दुकानापुढे पिशवी घेऊन उभे. नेमक्या त्या संध्याकाळी आम्ही पाच जण बाहेर जेवायला गेलो. ही चूक आमची. ती आधीच कबूल करते, कारण पुढे बराच वेळ मी दुसऱ्यांच्या चुकांबद्दल बोलणार आहे.

माझं भाकरी केंद्र आहे. अकरा वर्षं झाली. चार बायका, रोजच्या चारशे भाकरी, कडक भाकरीचा माल वेगळा. त्यामुळे भाकरीच्या बाबतीत मी चांगलं गिऱ्हाईक नाही, हे आमचे हे नेहमी सांगतात. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी भाकरी उलटून मागची बाजू बघते.

हॉटेल जुळे सोलापूरच्या पलीकडचं, सहा महिन्यांपूर्वी उघडलेलं. नाव लिहीत नाही. मालक तरुण आहे, माणूस वाईट नाही, आणि जे झालं ते गावातल्या निम्म्या नव्या हॉटेलांत होतंय. त्याचा व्हिडिओ मात्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. चुलीवर टम्म फुगलेली भाकरी, इरकल नेसलेल्या आजी उखळात शेंगाचटणी कुटतायत, मग मटणाच्या वाटीवर लालभडक कट, म्हणजे तिखट तेलाची तर्री, ओतला जातो आणि मागून आवाज येतो, ‘अस्सल सोलापुरी’. पुण्याहून सुट्टीला आलेल्या आमच्या पोरीने तो मला तीनदा दाखवला. “मम्मी, तू घरी करतेस तेच आहे, पण तिथे जाऊन खायचं,” असं तिचं म्हणणं. यावर काय बोलणार.

सासूबाई, आमचे हे, भाऊजी, पोरगी आणि मी. पावणेआठला पोचलो. दारात टोकन मिळालं, नंबर ४७. आत तेव्हा एकतिसावा चालू होता.

बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बैलगाडीचं एक चाक आणि फोटो काढायला भिंतीवर ताणून बसवलेली सोलापुरी चादर. चाकाशेजारी खरीखुरी चूल, आणि चुलीपुढे एक बाई भाकरी थापत होती. हात चांगला होता तिचा. काटवटीत पीठ घेऊन एका भाकरीपुरतंच मळायची, थापायची, तव्यावर पाणी फिरवायची, मग निखाऱ्यापुढे उभी करून फुगवायची. लोक मोबाइल धरून उभे. मी पंधरा मिनिटं बघितलं, त्यात तिच्या पाच भाकरी झाल्या. चुलीवर, धुरात, लोकांच्या कोपरांमध्ये बसून पाच म्हणजे कमी नाहीत. पण मनात हिशोब सुरू झाला तो झालाच. आत चोवीस टेबलं दिसत होती.

आमचा नंबर आला तेव्हा नऊला पाच कमी होते. सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. त्या तासाभरात दोनदा म्हणाल्या, “घरी पिठलं टाकलं असतं तर आतापर्यंत जेवून झोपले असते.”

ताट

तीन मटण थाळ्या, दोन शाकाहारी. सासूबाई माळकरी आहेत आणि मला शेंगाभाजी, म्हणजे शेंगदाण्याच्या कुटाची भाजी, बघायची होती. टेबलावर कागदाची चटई, तिच्यावर चादरीची नक्षी छापलेली. ताटाखाली चादर अंथरणारा सोलापूरकर मी अजून पाहिलेला नाही, पण ते असो. ताट आलं पितळी, मोठं, वाट्यांनी भरलेलं. मोजल्या, अकरा वाट्या. त्यात सोलकढीही होती. कोकणातली सोलकढी सोलापूरच्या थाळीत कशी आली याचा मी बराच विचार केला. नावातल्या ‘सोल’मुळे आली असावी.

आता भाकरी. हे जरा सविस्तर सांगते.

ताज्या भाकरीचा तुकडा मोडला की वरचा पापुद्रा वेगळा सुटतो आणि आतून वाफ येते. समोर आलेली भाकरी मोडली नाही, ओढावी लागली. वातड. कडा चिरलेल्या, मधे ओलसर, आणि मागच्या बाजूला घाम सुटल्यासारखे बारीक थेंब. तुकडा नुसता चावला. दोन-तीन घासांनंतर जिभेच्या मागे हलका कडवटपणा. म्हणजे दोन वेगवेगळी दुखणी एकाच भाकरीत. ओल्या मागच्या बाजूवरून कळलं की ही बंद डब्यात बराच वेळ पडून होती. चिरलेल्या कडा आणि कडवटपणा सांगत होता की पिठाची विरी, म्हणजे धरून राहायची ताकद, गेलेली आहे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळात नसतो. आधणाच्या पाण्याने आणि मळण्याने जो धरतो तेवढाच. पीठ जुनं झालं की तोही जातो आणि दाण्यातलं तेल खवट व्हायला लागतं. बाजरीचं पीठ याहून लवकर कडू होतं, पण ज्वारीचंही काही महिनाभर चालत नाही.

मेनूकार्डावर ‘मंगळवेढ्याची मालदांडी’ असं ठळक छापलं होतं. मालदांडी हा ज्वारीचा वाण, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. तिथल्या काळ्या भारी जमिनीत पाऊस सरताना पेरायची आणि नुसत्या मुरलेल्या ओलाव्यावर येऊ द्यायची, हे त्या ज्वारीचं वैशिष्ट्य. मी मनात म्हटलं, थापा मारतायत, ही मालदांडी असूच शकत नाही. इथे मी चुकले होते. ते पुढे येईल.

शेंगाचटणी छोट्याशा पितळी उखळात घालून आणली होती. दिसायला फार गोड. चिमटीत घेतली तर भुशासारखी सांडली. कुटलेली चटणी चिमटीत दाबली की बोटाला तेल लागतं आणि सोडल्यावर चिमटीचा आकार तसाच राहतो. शेंगदाणा दणक्यांनी ठेचला जातो तेव्हा त्याचं तेल हळूहळू सुटतं, आणि तिखट, लसूण, जिरं त्या तेलात मुरतं. मिक्सरचं पातं दाणा कापतं. दोन फिरक्यांत भुगा होतो, आणि जास्त फिरवलं तर एकदम गोळा. गावात चटणीवाले डंकावर कुटून घेतात, तेही चालतं, यंत्र असलं तरी कुटणंच ते. इथे मिक्सरची चटणी उखळात भरून दिली होती.

“आजी कुटत होत्या ना व्हिडिओत?” पोरगी म्हणाली.

“त्या दिवशी कुटली असेल,” भाऊजी म्हणाले.

मटणाचा रस्सा मी ह्यांच्या वाटीतून चाखला. वर लाल कटाचा जाड थर, फोटोत दिसतो तसाच. चमच्याने थर बाजूला केला तर खाली तांबूस पाणी, त्याला वाटणातल्या कांद्याचा वास आणि मटणाचा जवळजवळ नाहीच. तुकडे मात्र मऊ शिजलेले, मटण चांगल्या प्रतीचं. अळणी सूप ‘अनलिमिटेड’ होतं. पहिली वाटी बरी, दुसरी पातळ, तिसरी म्हणजे हळद घातलेलं गरम पाणी. भाऊजींनी तरी तीन वाट्या घेतल्या, कारण फुकट होतं.

शेंगाभाजी ठीक. ठेचा उत्तम. आणि शेवटी आली हुग्गी, म्हणजे आपली गव्हाची खीर, गूळ, सुंठ, बडीशेप घातलेली, वर तुपाची धार. ती खरोखर फार सुरेख होती. सासूबाईंनी सबंध ताटात तेवढीच वाटी पुसून खाल्ली. ही हुग्गी माझ्या डोक्यात राहिली. ज्याच्याकडे इतकी चांगली हुग्गी करणारं कुणी आहे त्याची भाकरी अशी का?

मधे आम्ही दुसरी भाकरी मागितली. वाढणारा पोरगा विशीतला, घामाघूम. “येलालीय काकू, तव्यावर हाय,” म्हणाला. वीस मिनिटांनी आली ती पहिलीपेक्षा वाईट. तव्यावरून आलेली भाकरी कशी असते हे त्यालाही माहीत असणार. पण त्या गर्दीत तो दुसरं काय सांगणार होता.

बिल

मटण थाळ्या ४२० च्या तीन, शाकाहारी २६० च्या दोन, पाण्याच्या बाटल्या ४० च्या दोन. झाले १८६०. त्यावर दहा टक्के सेवा शुल्क १८६, आणि या दोन्हींच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी. सगळं मिळून २१४८ रुपये.

बाटलीवर छापील किंमत २० होती. भाऊजी तिथेच तापले. पण या मुद्द्यावर भांडण्यात अर्थ नाही. हॉटेलात बसून पिताना छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं तरी वजनमापाचा कायदा आड येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. साधं पाणी मागायला हवं होतं, ते आम्ही मागितलं नाही.

सेवा शुल्काचं तसं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलाने बिलात सेवा शुल्क आपोआप लावायचं नाही, दुसऱ्या नावानेही लावायचं नाही, द्यायचं की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवायचं. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. मी काउंटरवर जाऊन म्हटलं, हे काढा. मॅनेजर म्हणाला, “सगळ्यांनाच लागतो मॅडम, सिस्टिममध्येच आहे.” मी म्हटलं, १९१५ ला फोन लावून विचारू का? ती ग्राहक हेल्पलाइन. दोन मिनिटांत नवीन बिल आलं, १९५३ रुपयांचं. संपूर्ण संध्याकाळीत एवढ्या झटपट काहीच मिळालं नव्हतं.

एक चांगली गोष्टही नोंदवते. अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर बिलावर होता. २०२२ पासून तो छापणं बंधनकारक आहे आणि तरी गावातल्या कित्येक जुन्या, नावाजलेल्या ठिकाणी अजून दिसत नाही.

जुन्या बिलाच्या मागे मी चार ओळी लिहून दिल्या. भाकरी फार आधी केलेली. पीठ जुनं. रस्सा पातळ. हुग्गी फार छान. कारणं हवी असतील तर फोन करा. खाली नंबर. आमचे हे गाडीत म्हणाले, “तुला काय गरज होती?” पोरगी म्हणाली, चांदणी एक द्यायची आणि मोकळं व्हायचं. एका चांदणीने मालकाला पिठाबद्दल काय कळणार होतं?

आत

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. “काकू, तुम्ही बिलावर लिहून गेला होतात.” त्याची एक भाकरीवाली काम सोडून गेली होती आणि पंधरा दिवसांवर गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. संक्रांतीला नंदीध्वज निघतात तेव्हा सोलापुरात बाहेरगावची माणसं किती येतात हे इथल्या कुणाला सांगायला नको. तो घाबरला होता. मी म्हटलं, येत्या रविवारी पाच वाजता येते, तेव्हा जे चालतं ते चालू ठेव, माझ्यासाठी काही बदलू नकोस. सासूबाईही निघाल्या. त्या लग्नानंतर बरीच वर्षं गिरणी कामगारांच्या एका खानावळीत भाकरी थापायला जायच्या, हे त्याला आधी सांगितलं नाही.

पहिलं मी पीठ बघितलं. पन्नास किलोची दोन पिंपं. मूठभर घेऊन दाबलं, धरत नव्हतं. चिमूटभर तोंडात टाकलं, कडवट. कधी दळलं? बारा दिवसांपूर्वी. चक्कीवाला एकदम जास्त दळून घेतलं की दर कमी लावतो, म्हणून. मग त्याने ज्वारीचं पोतं दाखवलं. मोत्यासारखा, गोल, टपोरा दाणा. मालदांडीच होती, मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याकडून थेट आणलेली, बाजारभावापेक्षा चढ्या दराने. मेनूकार्डात तो अक्षरशः खरं बोलत होता. एवढी ज्वारी आणून ती बारा दिवस पिंपात मारली. सासूबाईंनी दाणे ओंजळीत घेतले, परत पोत्यात सोडले आणि त्याच्याकडे बघितलं. बोलल्या काहीच नाहीत. त्यांचं न बोलणं मी तीस वर्षं सोसलंय, त्याने पहिल्यांदाच.

मग भाकरीचा हिशोब. आत तीन बायका, बाहेर चुलीवर एक. गॅसवर चांगल्या हाताच्या एका बाईच्या तासाला साधारण तीस भाकरी होतात, हा माझ्याकडचा अनुभव. चुलीवर वीस. म्हणजे चौघींच्या मिळून तासाला एकशे दहा. टेबलं चोवीस, माणसं शहाण्णव, रविवारी आठ ते दहा दोन पंगती. माणशी दोन भाकरी धरल्या तरी दोन तासांत पावणेचारशेच्या वर, आणि होणार दोनशे वीस. उरलेल्या कुठून येतात? तर संध्याकाळी पाचपासून दीडशे भाकरी करून स्टीलच्या मोठ्या हॉट केसमध्ये भरून ठेवायच्या.

आधी करून ठेवल्या म्हणून आभाळ कोसळत नाही. आपण घरीही करतो. पण आपण दुरडीत, खाली फडकं घालून, वाफ जायला वाट ठेवून, सुरुवातीच्या तर उभ्या टेकवून ठेवतो. बंद स्टीलमध्ये भाकरीची वाफ तिच्यावरच पाणी होऊन पडते. आणि खरी गंमत पुढे होती. मी तिथे तासभर नुसती उभी राहून बघितलं. नवी भाकरी झाली की हॉट केसमध्ये वर टाकायची, आणि वाढायला काढताना वरचीच काढायची. म्हणजे साडेसातला आलेल्याला आताची भाकरी, आणि पाच वाजता केलेली तळाला. गर्दी वाढून वरचा थर संपला की तळ लागतो. तो लागतो नऊ-सव्वानऊला.

टोकन नंबर ४७ ला पाचची भाकरी मिळाली होती. सव्वाचार तास जुनी. आणि दुसरी मागितली ती त्याही खालची.

व्हिडिओ करणारा मुलगा साडेसातला आला असणार, चुलीजवळच्या टेबलावर बसला असणार आणि त्याने जे खाल्लं ते चांगलंच असणार. तो खोटं बोलला असं मला वाटत नाही. फक्त पैसे घेऊन बोलला. मालकाने सहज सांगितलं, एका व्हिडिओचे पंचवीस हजार, वर जेवण. पोरीने नंतर तो व्हिडिओ परत उघडून बघितला. ‘जाहिरात’ हा शब्द कुठेच नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सांगून ठेवलंय की पैसे, भेटवस्तू, फुकट सेवा, काहीही मिळालं असेल तर ते जाहिरातीतच, दिसेल असं, ज्या भाषेत बोलतोय त्या भाषेत सांगायचं. हे मी त्याला बोलून दाखवलं तर तो म्हणाला, “काकू, सगळेच तसंच करतात.” मी दुसराच हिशोब घातला. भाकरीच्या बाईला एका संध्याकाळचे तो चारशे देतो. पंचवीस हजारांत अशा बासष्ट संध्याकाळी येतात. दोन जादा बायका, एकतीस रविवार. हे ऐकून मात्र तो गप्प झाला.

रश्शाचं कोडं त्याच्या आचाऱ्याने नकळत सोडवलं. मटण हळद-मीठ घालून शिजवायचं, त्याचं जे अळणी पाणी निघतं त्यातलं थोडं सूप म्हणून द्यायचं आणि बाकीच्यात काळा मसाला, भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण घालून रस्सा उकळायचा, ही सगळीकडची रीत. इथे सूप अनलिमिटेड. आमच्या भाऊजींसारखी माणसं तीन-तीन वाट्या पितात. म्हणजे रश्शाचा जीव सूप म्हणून आधीच पिऊन झालेला. नऊनंतर रश्शाला उरतं साधं पाणी. आचाऱ्याकडे कट वेगळा तयार असतो मोठ्या डब्यात. पाण्यावर तो ओतला की वाटी फोटोतल्यासारखी दिसते.

“मग सूप एक वाटी कर,” मी म्हटलं.

“नाही काकू. व्हिडिओत बोललंय. बोर्डावर छापलंय. लोक त्याच्यासाठीच येतात.”

हे वाक्य त्याने त्या संध्याकाळी चार वेळा वापरलं. अकरा वाट्यांचं ताट कमी करता येत नाही, व्हिडिओत अकरा आहेत. चुलीवरची बाई आत गॅसवर आणता येत नाही, ती व्हिडिओत आहे. सोलकढीसुद्धा व्हिडिओत आहे. स्वयंपाकघर काय चालवणार हे आता तो ठरवतच नव्हता. त्यात हॉटेलाचं भाडं महिना नव्वद हजार. पाच टक्के जीएसटीच्या योजनेत भाड्यावर भरलेला अठरा टक्के कर परत वळता होत नाही, तेही सोळा हजार दोनशे दर महिन्याला खर्चातच जमा. गर्दी नसेल तर तो बुडतो, आणि आहे ती गर्दी त्याच्या तव्यांना झेपत नाही.

हुग्गीबद्दलही विचारलं. ती त्याची आई घरून करून पाठवते, दुपारी. दुपारची हुग्गी रात्री आणखी मुरते, म्हणून तिला गर्दीचा काही फरक पडत नव्हता. ठेच्याचंही तेच. त्या ताटात जे जे थांबू शकत होतं ते सगळं चांगलं होतं, आणि मार खात होते ते भाकरी आणि रस्सा. नेमकं त्यांच्याच नावावर गर्दी.

सासूबाई इतका वेळ स्टुलावर बसून होत्या. मग त्यांनी त्याला जवळ बोलावलं. “बाळा, भोंगा झाला की साठ माणसं एकदम यायची आमच्याकडे. हातपाय धुऊन सरळ पाटावर. गरम कुणाकुणाला पुरवणार? पहिली भाकरी गरम. मग कडक. आमटी भरपूर. चुरून खायचे, कुणी तक्रार नाही केली.”

कडक भाकरी म्हणजे पातळ थापून, तव्यावर आणि मग मंद आचेवर पार वाळवलेली. कोरड्या डब्यात महिने टिकते. सोलापूरची पोरं पुण्या-मुंबईला जाताना पिशवीत हीच घेऊन जातात. या हॉटेलात ती होती, पण काउंटरवर, पॅकिंगमध्ये, ‘आठवण म्हणून घेऊन जा’ अशी पाटी लावून. ताटात नव्हती. व्हिडिओत ती फुगत नाही ना.

पुढे

त्याने काय केलं आणि काय नाही, ते जसं आहे तसं लिहिते.

दळण आता दोन-तीन दिवसांपुरतंच आणतो. हे लगेच केलं. हॉट केस काढला नाही, पण दोन केले. एक भरायचा, दुसऱ्यातून काढायचं, रिकामा झाला की अदलाबदल. दुरड्या आणल्या होत्या, पण वाढणाऱ्या पोरांना त्या जागा अडवतात असं वाटलं आणि त्या आता बाहेर फोटोच्या भिंतीवर टांगलेल्या आहेत. बायका तीनच्या पाच झाल्या, फक्त शनिवार-रविवार. त्यातल्या एकीला मीच पाठवलं. गड्ड्याच्या आठवड्यात दुसऱ्या भाकरीपासून कडक द्यायला सुरुवात केली, सोबत पातळ आमटीची मोठी वाटी. बाहेरगावच्या लोकांना ते इतकं आवडलं की एकाने त्याचाच व्हिडिओ केला. या वेळी फुकटात.

सूप अनलिमिटेडच आहे.

जानेवारीच्या शेवटी, यात्रा आटोपल्यावर, त्याने आम्हाला जेवायला बोलावलं. पैसे घेणार नाही म्हणाला. मी म्हटलं, मग येणार नाही. बुधवारी दुपारी गेलो, सासूबाई आणि मी, दोघीच. टोकन नव्हतं. भाकरी आली, पापुद्रा सुटला, वाफ आली. सासूबाईंनी पहिला घास नुसताच खाल्ला, मग शेंगाचटणीला बोट लावून बघितलं. ती अजून मिक्सरचीच होती. “हे राहिलं,” म्हणाल्या, आणि हुग्गीची दुसरी वाटी मागितली.

बिलावर सेवा शुल्काची ओळ तशीच छापून आली. सांगितल्यावर काढली.